व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत

बापूंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, मशीन चालू केलं की लगेच आवाज यायचा नाही. खटका खाली केल्यावर आधी आतून बारीक गुणगुण यायची. मग जाळीमागच्या काचेच्या व्हॉल्व्हमध्ये एक तांबूस ठिपका दिसायचा, तो हळूहळू लाल व्हायचा, आणि मग छपरावरचा भोंगा घसा साफ केल्यासारखा एकदा खरखरायचा. तेवढा वेळ नुसतं बघत थांबावं लागायचं. लहानपणी मला त्याचा कंटाळा यायचा.

आमचा बंजाऱ्यांचा तांडा दारव्ह्याकडच्या भागात आहे. डीजे यायच्या आधी आमच्या आणि आजूबाजूच्या तांड्यांतलं लग्न, तीज, होळी, सगळं बापूंच्या लाउडस्पीकरवर व्हायचं. मशीन म्हणजे त्यांचा ॲम्प्लिफायर. एक टुरिंग टॉकीज बंद पडली तेव्हा बापूंनी तो घेतला होता, आणि पुढे सगळी दुरुस्ती स्वतःच शिकले. डीजे आल्यावर कोणी बोलवेना. मग मशीन घरातल्या फळीवर गेलं आणि बापू पूर्णवेळ शेतात.

मागच्या हिवाळ्यात वेचणी चालू असताना बापूंना लकवा मारला. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं तोवर पाय थोडा हलायला लागला होता. बोलणं आलं नाही. आपलं म्हणणं त्यांना कळतं का, हेही नीट समजायचं नाही. पाणी हवं का विचारलं की हो अशी मान हलवायचे आणि दिलेलं पाणी बाजूला सारायचे.

मी नागपूरला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. ते लॅपटॉपवर घरून करायची परवानगी मागितली आणि तांड्यावर येऊन राहिले. माझी शाळा यवतमाळला झाली, वसतिगृहात राहून, इंग्रजी माध्यमात. त्यामुळे घरची गोरबोली मला कळते, पण बोलताना अडखळते, म्हणून मी कमीच बोलते. मुळातही कमी बोलते. आता घरात न बोलणारी माणसं दोन झाली, आणि सगळं बोलणं एकट्या याडीवर, म्हणजे माझ्या आईवर, येऊन पडलं. तिचं बोलणं मी इथे मराठीत लिहिते आहे. तिच्या तोंडी ते जास्त तिखट असतं.

बापू खाटेवर पडल्या पडल्या फळीकडे बघत राहायचे. त्यांना काय हवं ते कळत नव्हतं, म्हणून मी एक एक वस्तू काढून दाखवली. कंदील, पितळी डबा, जुनी छत्री. मशीनवरचं फडकं ओढलं तेव्हा ते उठून बसले. मी ते खाली उतरवलं, धूळ पुसली आणि माइक त्यांच्यासमोर ठेवला. छपरावर भोंगा होताच, त्याची तार जोडली. खटका मी दाबला. बापू व्हॉल्व्हकडे बघत होते. ते लाल झाले, भोंगा खरखरला, आणि बापू माइककडे झुकून म्हणाले, "हॅलो. हॅलो. माइक टेस्टिंग. वन, टू, थ्री."

अगदी स्वच्छ. जीभ कुठे अडकली नाही. बाहेर भोंग्यातून तेच शब्द तांड्यावर गेले आणि बायका दारात आल्या.

याडी चुलीजवळ होती. ती आत आली, बापूंकडे बघत उभी राहिली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "घ्या. गोरबोलीतला एक शब्द राहिला नाई, माहं नाव राहिलं नाई, आन् हॅलो राहिलं."

यवतमाळला बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाई होत्या. त्यांना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, असं होतं. आकडे, प्रार्थना, रोज म्हटलेली वाक्यं कधी कधी शाबूत राहतात. माणूस ती बोलत नसतो, ती आपोआप येतात. पण त्यांच्या शेपटाला एखादा नवा शब्द बांधता येतो. रोज करा, सोडू नका.

मग दुपारचा तो आमचा नेमच झाला. मशीन तापायचं, बापू टेस्टिंग करायचे, आणि "थ्री" झाल्या झाल्या मी त्यांच्यासमोर एक वस्तू धरायचे. पेला, फणी, विळा. बरेच दिवस काहीही झालं नाही. याडी जाता येता म्हणायची, "आमच्याशी बोलाले तोंड नाई, भोंग्याशी लगन लावलं." शेजारी विचारायचे की काकांचा माइक ठीक आहे ना, रोज काहून तपासून राह्यले. मग एका दुपारी मी चहाचा कप धरला आणि बापू म्हणाले, "वन, टू, थ्री, च्या."

भोंग्यातून "च्या" सगळ्या तांड्याने ऐकलं. समोरच्या काकू खरंच चहा घेऊन आल्या. याडीने तो दारातच परत पाठवला आणि स्वतः केला, दुधाचा, भरपूर साखरेचा. डॉक्टरांनी साखर कमी सांगितली होती. मी कप बापूंच्या डाव्या हातात दिला.

"च्या" पुढे टिकला. म्हणजे मशीन चालू असेल तेव्हा. माइकशिवाय मी कप धरला तर बापूंचे ओठ हलायचे आणि चेहरा इतका ओशाळा व्हायचा की मी तसं करणं सोडून दिलं. मशीनला ते ओशाळत नव्हते.

मशीन जळालं ते श्रावणात. बापूंचं "टू" झालं होतं. एका व्हॉल्व्हच्या आतला काळा पत्रा निखाऱ्यासारखा लाल दिसायला लागला. तार गरम होते तो तांबूस उजेड मला ओळखीचा होता, हा तसा नव्हता. बापूंनी डावा हात खटक्याकडे नेला, पण तो हात कधीच कामाचा नव्हता, तो चुकून माइकवर आपटला. मी खटका वर करेपर्यंत मेणासारखा जळका वास सुटला होता आणि भोंगा गप्प झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी मशीन उलटं करून तळाचा पत्रा उघडला. मला यातलं काहीही येत नाही. लहानपणी बापूंच्या शेजारी बसले की ते तारांना कथलाचा डाग देताना येणारा राळेचा वास मला आवडायचा, एवढंच. मोबाइलवर व्हिडिओ सापडले. त्यांतल्या एकात एका परदेशी म्हाताऱ्याचं टेबल आमच्या देव्हाऱ्यापेक्षा स्वच्छ होतं. तो सारखा सांगायचा की खटका बंद केला तरी आत जीव घेण्याएवढी वीज साठलेली असते, आणि मग हसायचा. मी याडीची रबरी चप्पल पायात घातली. एक हात पाठीमागे ठेवला, तो तसंही सांगत होता म्हणून. याडी म्हणाली, "एक पडला खाटेवर, आता दुसरीची खाट कुठं टाकू तेही सांगून ठेव."

फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हता. तिथे जाड तार गुंडाळली होती, बापूंच्याच हातची. का, ते मला लगेच कळलं. ऐन लग्नात, फेरे चालू असताना, फ्यूज उडाला तर आवाज बंद पडतो आणि शंभर तोंडं लाउडस्पीकरवाल्याकडे वळतात. बापूंनी आपलं मशीन कधीही गप्प बसणार नाही अशी सोय करून ठेवली होती. फ्यूज असता तर तो उडाला असता आणि बाकीचं वाचलं असतं. मी तार काढून मुठीत धरली. बापूंनी ती पाहिली, आणि माझ्या मुठीवरून नजर काढून ते भिंतीकडे बघायला लागले. त्यांना कळलं की नाही हे मी आजही सांगू शकत नाही.

बापूंचा एक लाकडी बोर्ड आहे, त्यावर साधा मोठा बल्ब. वीज आधी या बल्बमधून जाते, मग मशीनमध्ये. आत मोठा बिघाड असेल तर बल्ब भक्कन पेटतो आणि मशीन वाचतं. मी मशीन त्या बोर्डावर लावलं. बल्ब मंद राहिला. व्हॉल्व्हही लाल झाले. मला फार बरं वाटलं. बापूंनी लगेच माइक ओढून घेतला. "हॅलो," म्हणाले, आणि वर छपराकडे बघत थांबले. भोंगा काही बोलला नाही. पुढचा "हॅलो" आला नाही. टेस्टिंग नाही, वन टू थ्री नाही. पहिल्या शब्दाला उत्तर मिळालं नाही तर दुसरा येतच नव्हता. ते तोंड उघडं ठेवून बसून राहिले, आणि मी खटका बंद केला.

मग मी एक एक भाग तपासत गेले. खरं तर "तपासत" हा शब्द मोठा आहे. व्हिडिओतला म्हातारा म्हणाला, असा पत्रा लाल झाला तर छोटा कंडेन्सर बघा. मी नवा मागवला, तो दारव्ह्यापर्यंत आला, मी जाऊन घेऊन आले. बापू शेजारी खुर्चीवर बसत आणि डाव्या हाताने आत बोट दाखवत. मी त्यांचं बोट जिथे जाईल तिथे डाग सोडवायचे. पण चहा हवा असताना पाण्याकडे दाखवणारं तेच बोट होतं. ते जिथे टेकलं तिथे खरंच टेकायचं होतं, की जायचं होतं भलतीकडेच, हे विचारायची सोय नव्हती. एका जाड कंडेन्सरवर त्यांनी इतक्यांदा बोट ठेवलं की मी तोही बदलला. काहीही फरक पडला नाही. बापू माझ्याकडे असे बघत होते, जणू मीच काहीतरी सांगत नाहीये.

शेवटी मीटर लावला तेव्हा कळलं. भोंग्याला आवाज देणारा जो ट्रान्सफॉर्मर असतो, त्याचं अर्धं वेटोळं जळून तुटलं होतं. एका बाजूला काटा हलायचा, दुसऱ्या बाजूला मेल्यासारखा पडून राहायचा. तो ट्रान्सफॉर्मर आता कुठे बनत नाही. शोधून शोधून एक सापडला तो जर्मनीत, आणि त्याच्या तारांचे रंगही वेगळे होते.

याडी म्हणाली, बांधून घे. आमच्याकडे विहिरीवरची मोटर जळली की नवी कोणी घेत नाही, वाइंडिंगवाल्याकडे टाकतात, तो जुनी तार काढून नवी बांधतो. दारव्ह्याच्या दुकानात मी ट्रान्सफॉर्मर घेऊन गेले. दुकानात पुरुषच पुरुष, जमिनीवर चिखलाच्या मोटरी, सगळे एकाच वेळी बोलत होते. मी दुकानदाराला सांगितलं की हा साध्या ट्रान्सफॉर्मरसारखा नाही, यात मधून एक तार निघते, थर एकात एक आहेत, जुना सोडवताना वेढे मोजून घ्या. तो हो हो म्हणाला. त्याची नजर माझ्या मागच्या माणसावर होती. मी पुन्हा सांगायला हवं होतं, पण माझा आवाज तेवढ्या गलक्यात जेवढा जातो तेवढाच गेला, आणि मागचा माणूस पुढे सरकला.

ठरलेल्या दिवशी गेले तर त्याने हौसेने काउंटरवरच त्याला वीज लावून एक छोटा दिवा पेटवून दाखवला. "पाहा. बारा व्होल्ट. आता पाच वर्षं पाहाचं काम नाई."

मी बघत राहिले. दोन तारा आत, दोन बाहेर. मधली तार नव्हतीच.

"हा बारा व्होल्टचा नव्हता," मी म्हटलं.

"मंग? फवारणीच्या पंपाचा चार्जर हाय ना हा? आठ दिवसांपासून तेच बांधून राह्यलो मी. साइज तेच, पट्ट्या त्याच."

मी म्हटलं, लाउडस्पीकरच्या मशीनचा आहे, सांगितलं होतं. त्याने दिवा विझवला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. कपाशीवर फवारणीचे दिवस, त्याच्या दुकानात जो कोणी एवढा डबा घेऊन येत होता तो पंपाचा चार्जरच असायचा. जुनी तार कुठे आहे विचारलं. निदान ती मोजता आली असती.

"ते तर मोडीत गेली, मॅडम. काल गाडी आलती."

तो पैसे घेईना. मी तो बारा व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर पिशवीत घातला आणि शेअरिंगच्या जीपमध्ये मांडीवर ठेवून घरी आणला. का आणला ते माहीत नाही.

बापू ओट्यावरच बसले होते. त्यांनी हात पुढे केला. मी ट्रान्सफॉर्मर दिला. त्यांनी तो डाव्या हाताने फिरवून बघितला, तारा अंगठ्याने वेगळ्या केल्या, पुन्हा केल्या. मधली शोधत होते. मग परत माझ्या हातात दिला आणि पाय ओढत आत जाऊन आडवे झाले. त्यानंतर बरेच दिवस ते जेवायलाही उठून बसेनात, याडी भरवायची. चहाचा कप धरला तर ओठसुद्धा हलत नव्हते. यवतमाळच्या बाई फोनवर म्हणाल्या की आलेला शब्द वापरात राहिला नाही तर जातो. दुसऱ्या कुठल्या माइकवर करून बघा.

माझ्या चुलतभावाचा डीजे आहे. तो त्याचा लहान ॲम्प्लिफायर घेऊन आला, भोंग्याची तार त्याला जोडली आणि म्हणाला, "काका, हे घ्या, इम्पोर्टेड. तुमचं ते मशीन आता म्युझियमले द्या." त्याने बटण दाबलं आणि त्याच क्षणी भोंग्यातून बापूंच्या श्वासाचा आवाज सगळ्या तांड्यावर गेला. बापू दचकले. त्यांची नजर डब्यावर काहीतरी शोधत होती. तिथे एक निळा दिवा होता, तो आधीपासूनच लागलेला होता.

"बोला ना काका, चालू हाय."

बापू थांबले होते. भाऊ म्हणाला, चालूच आहे, थांबायचं काही नाही. मला तेव्हा लक्षात आलं की त्या थांबण्यातच काहीतरी होतं. व्हॉल्व्ह लाल होईपर्यंत बापूंची जीभ कुठेतरी तयार होत असावी. या डब्यात तयार व्हायला जागाच नव्हती. भोंगा शिट्टी मारायला लागला आणि बापूंनी माइक ढकलून दिला.

भाऊ डबा ठेवून गेला. मला एक गोष्ट सुचली. सुचली याचाच मला इतका आनंद झाला की ती बरोबर आहे का हे मी बघितलं नाही. जुन्या मशीनमधला एक व्हॉल्व्ह मी काढून ठेवला, म्हणजे आत जोराची वीज जाणार नाही, बाकीचे नुसते लाल होतील आणि गुणगुण येईल. मशीन नेहमीच्या जागी ठेवलं. भावाचा डबा मागे, गोधडीखाली लपवला. माइकची तार मशीनच्या मागून नेऊन डब्यात लावली. व्हॉल्व्ह लाल झाले की मी गोधडीत हात घालून आवाज वाढवणार होते. याडीला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "पाहा बा. तुह्याकडून होत असंन तर."

दुपारी बापूंना आणून बसवलं. खटका मी खाली केला. गुणगुण आली, ठिपका आला, लाल झाला. बापू पुढे झुकले, खूप दिवसांनी. मी गोधडीत हात घातला आणि भोंगा हळूच जागा झाला. बापूंनी तोंड उघडलं, आणि तसंच ठेवून मशीनकडे बघितलं. एक व्हॉल्व्ह कमी होता. ते त्यांनी आधी पाहिलं. मग त्यांनी माइकची तार डाव्या हाताच्या चिमटीत धरली. चिमूट तारेवरून सरकत मशीनच्या कडेपर्यंत गेली, कडेवरून मागे वळली, गोधडीपर्यंत आली आणि माझ्या हाताला लागली. मी हात काढला नाही. कसा काढावा ते कळलं नाही.

बापूंच्या चेहऱ्यावर राग नव्हता. त्यांनी चिमटीतली तार सोडली. मग माइककडे वळले आणि म्हणाले, "बंद."

भोंग्यातून ते तांड्यावर गेलं. समोरच्या काकूंनी ओट्यावरून विचारलं, काय बंद, लाइन बंद होणार आहे का, गिरणीत दळण टाकलं आहे. याडी बाहेरून धावत आली, "काय म्हणले? काय म्हणले?"

"बंद म्हणाले," मी सांगितलं.

"आपल्याले म्हणले? भोंग्याले नाई?"

मी मशीन बंद केलं, डबाही बंद केला. बापूंनी नकाराची मान हलवली. ते नव्हतं.

यवतमाळच्या बाईंना मी फोन केला. त्या खूश झाल्या. नवा शब्द आहे, कुठल्याही वाक्याच्या शेपटाला न बांधता आलेला आहे, त्याला धरून ठेवा म्हणाल्या. आम्ही धरून ठेवला आहे. आता माइक लागत नाही. सकाळी उठल्यावर बापू "बंद" म्हणतात, जेवताना म्हणतात, मी लॅपटॉप उघडून बसले की माझ्याकडे बघून म्हणतात. प्रत्येक वेळी मी उठते. पंखा बंद करते. ते मान हलवतात. खिडकी लावते. टीव्ही बंद करते, नळ बघते, लॅपटॉप मिटते, दाराला कडी घालते. ते प्रत्येक वेळी मान हलवतात आणि मी पुढच्या वस्तूकडे जाते. खोलीतल्या वस्तू संपल्या की मी त्यांच्याजवळ खाटेवर येऊन बसते. ते पुन्हा म्हणतात, या वेळी सावकाश, मला नीट ऐकू यावं म्हणून.